पदवीसाठी भूगोल घ्यावा का? तीन-चार वर्षांत नेमके काय शिकायला मिळते?

नवी_वाट

सर्वांना नमस्कार. शालेय शिक्षण संपवून मी आता पदवीच्या उंबरठ्यावर उभा आहे आणि भूगोल हा मुख्य विषय घ्यावा असे मनात आहे. निर्णय मात्र होत नाही, कारण ज्यांना ज्यांना हे सांगितले त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला की राजधान्या आणि नद्यांची नावे पाठ करायला तीन-चार वर्षे कशाला हवीत. मला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि शाळेतला भूगोल मलाही बराचसा पाठांतराचाच वाटत आला आहे. तरीही विषय सुटत नाही. एखादी नदी सरळ वाहत येऊन अचानक काटकोनात का वळते, दोन शेजारची गावे सारखीच असताना एक वाढते आणि दुसरे खुंटते ते का, असल्या प्रश्नांत माझा वेळ कसा जातो ते कळत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की पदवीचा भूगोल शाळेतल्या भूगोलाहून कोठे वेगळा होतो. काही विद्यापीठांत तो कला शाखेत आहे, काही ठिकाणी विज्ञान शाखेत, तर काही ठिकाणी दोन्हीकडे. त्यातले काय निवडावे? गणित कितपत लागते? आणि ज्याची मला खरी भीती वाटते ते असे की थोडे हवामान, थोडे खडक, थोडे अर्थशास्त्र, थोडे समाजशास्त्र असे सगळ्यातले थोडे थोडे शिकून आपण कशातच पारंगत होत नाही, असे तर होणार नाही ना?

समोच्चरेषा

मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना भूरूपशास्त्र शिकवते, त्यामुळे तुमचा प्रश्न दरवर्षी नव्या चेहऱ्यांकडून ऐकते. तुम्ही नदीच्या वळणाबद्दल आणि दोन गावांबद्दल जे लिहिले आहे, पदवीचा भूगोल तेथूनच सुरू होतो. शाळेत 'काय कोठे आहे' एवढ्यावर भागते. पदवीला 'तेथेच का' आणि 'तेथे असल्यामुळे पुढे काय झाले' हे विचारले जाते, आणि उत्तर पुराव्यानिशी द्यावे लागते.

पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी दोन खांब असतात, प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल. त्यांच्या जोडीला नकाशाशास्त्र आणि प्रात्यक्षिके येतात. प्राकृतिक भूगोलात भूरूपे, हवामान, सागर, मृदा आणि जीवसृष्टी यांचा अभ्यास होतो. नावे शाळेतलीच आहेत, पण प्रश्न बदलतात. उदाहरणार्थ, कोपेनचे हवामान वर्गीकरण तुम्ही रंगीत नकाशा म्हणून पाहिले असेल. पदवीला तुम्ही हे विचाराल की ध्रुवीय हवामानाची सीमा त्याने सर्वांत उबदार महिन्याच्या १० अंश सेल्सिअस सरासरी तापमानावरच का धरली. कोपेनचे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे होते, आणि ही सीमा साधारणपणे झाडे जेथे संपतात त्या रेषेजवळून जाते. तापमापकाचा आकडा त्याने झाडांना विचारून ठरवला असे म्हणा ना. हे कळले की तो नकाशा पाठ करावा लागत नाही.

तसेच भूरूपांचे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डेव्हिसने १८९९ साली मांडलेले अपक्षरणाचे चक्र, म्हणजे भूप्रदेशाची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था, अजूनही शिकवले जाते; परंतु त्याच्यावरची टीका आम्ही त्याच तासाला शिकवतो. चक्राची कल्पना सुंदर आहे, मात्र ती प्रत्यक्ष मोजमापावर उभी नव्हती. १९४५ साली हॉर्टन या जलतज्ज्ञाने नदीखोऱ्यांतील प्रवाहांची श्रेणी लावून, म्हणजे लहान ओढ्यांपासून मुख्य नदीपर्यंत त्यांना क्रम देऊन, त्यांची संख्या आणि लांबी मोजण्याची पद्धत मांडली आणि विषय हळूहळू मोजमापाकडे वळला. आज विद्यार्थी स्थलनिर्देशक नकाशावर प्रवाहश्रेणी लावतात तेव्हा त्यांच्या हातात तोच धागा असतो.

क्षेत्रभेटीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण हा विषय आपला आहे की नाही याचा निकाल तेथेच लागतो. ओढ्याचा विसर्ग मोजण्याचे प्रात्यक्षिक घ्या. दोन्ही काठांमध्ये दोरी ताणतात, दर अर्ध्या मीटरला पट्टी उभी धरून खोली घेतात, आणि दहा मीटरचे अंतर आखून वरच्या टोकाला लाकडाचा तुकडा सोडून खालच्या टोकाला वेळ नोंदवतात. हे किमान तीन-चार वेळा करावे लागते, कारण एखादा तुकडा हमखास काठाच्या भोवऱ्यात अडकतो. तळाशी आणि काठाशी घर्षण असल्यामुळे पृष्ठभागावरचे पाणी सरासरीपेक्षा वेगाने जाते, म्हणून मिळालेल्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणतात. ओढा ४ मीटर रुंद, सरासरी ०.३ मीटर खोल आणि तुकड्याला दहा मीटर जायला २० सेकंद लागले, तर विसर्ग सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर, म्हणजे ५०० लिटर येतो. गणित इतकेच आहे. पण तो आकडा स्वतः गुडघाभर पाण्यात उभे राहून काढला की पूररेषा, धरण, पाणीवाटप या शब्दांमागे काय असते ते समजू लागते.

एका क्षेत्रभेटीत आम्ही वरच्या आणि खालच्या अशा दोन ठिकाणी पात्रातले प्रत्येकी पन्नास गोटे मोजले. पुस्तकाप्रमाणे खाली जावे तसे गोटे लहान आणि गोलसर व्हायला हवेत. आमच्याकडे खालचे मोठे आणि कंगोरेदार निघाले. मुलांना वाटले मोजमाप चुकले, आणि दोघांनी तर वहीतले आकडे खोडायला सुरुवातही केली होती. मी त्यांना थांबवले आणि सगळे मिळून काठाकाठाने वर चालत गेलो. मधल्या वळणावर काठ ढासळला होता आणि ताज्या फुटलेल्या दगडांचा ढीग पात्रात आला होता. त्या दिवशी त्या वर्गाला नदी समजली. आकडे खोडले असते तर ती संधी गेली असती.

कला की विज्ञान, याबाबत शाखेच्या नावावर जाऊ नका. अभ्यासपत्रिका मागवून प्रात्यक्षिकांचे तास, क्षेत्रभेटीचे दिवस आणि शेवटच्या वर्षाला स्वतंत्र प्रबंध आहे की नाही ते पाहा. विज्ञान शाखेत प्रयोगशाळा आणि संख्याशास्त्र यांचा वाटा सहसा अधिक, कला शाखेत समाज, संस्कृती आणि विकास यांचा. पण याला अपवाद भरपूर आहेत.

खडक_आणि_माती

मूळ प्रश्नकर्त्याची शेवटची भीती मला रास्त वाटते, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मी भूशास्त्र शिकलो आणि माझ्याबरोबर भूगोलाचे पदवीधर काम करत आले आहेत. त्यांना भूप्रदेश वाचता येतो, हे मान्य. पण खडकाचा तुकडा हातात दिला की त्याचे खनिज घटक सांगता येत नाहीत, आणि मृदेच्या रसायनाचा प्रश्न आला की ते दुसऱ्याकडे पाहतात. १९४८ साली हार्वर्ड विद्यापीठाने आपला भूगोल विभाग बंद केला. त्यामागे इतरही कारणे होती, परंतु भूगोल ही खरोखर स्वतंत्र विद्याशाखा आहे का, ही शंका त्या वादात होतीच. ज्याला नदीचे वेड आहे त्याने जलशास्त्र किंवा भूशास्त्र घ्यावे, ज्याला शहरांचे वेड आहे त्याने अर्थशास्त्र किंवा नगररचना घ्यावी, आणि भूगोल आवड म्हणून वाचत राहावा. तरुण मुलाला दिशा देताना हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे असे मला वाटते.

वस्तीचा_माग

वरचा प्रतिसाद प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायला समोच्चरेषा समर्थ आहेत. मी मानवी भूगोलाची बाजू लिहितो, कारण अशा चर्चांत ती नेहमी मागे पडते. पदवीला मी मानवी भूगोलात प्रबंध केला आणि आता नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो.

मानवी भूगोलात पहिली शिकवण सावधगिरीची मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंपल यांच्यासारख्या अभ्यासकांनी निसर्गच माणसाचे जीवन आणि स्वभाव घडवतो अशी मांडणी केली होती. डोंगरातली माणसे अशी, मैदानातली तशी, असली विधाने त्यातून सहज निघत आणि वंशभेदाच्या विचारांना त्यांचा आधार मिळे. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश यांनी त्याला छेद दिला. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस आपल्या परंपरेप्रमाणे आणि साधनांप्रमाणे करतो, अशी त्यांची भूमिका होती. विद्यार्थ्याला हा वाद जुना वाटतो, पण 'अमुक प्रदेश मागास, कारण तेथील हवामानच तसे' असे वाक्य आजही सर्रास बोलले जाते. पदवीनंतर असे वाक्य ऐकले की कान टवकारतात, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

दुसरी शिकवण प्रतिमानांची, म्हणजे वास्तवाच्या मुद्दाम सोप्या केलेल्या मांडणीची. क्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीच्या अभ्यासातून मध्यवर्ती स्थान सिद्धान्त मांडला. जमीन सपाट, लोकसंख्या सारखी पसरलेली, प्रवासाचा खर्च सर्व दिशांना सारखा असे धरले, तर बाजाराच्या गावांची प्रभावक्षेत्रे षट्कोनी होतात. प्रत्यक्षात अशी जमीन कोठेच नसते. मला सुरुवातीला हे षट्कोन निरर्थक वाटत असत. पुढे लक्षात आले की षट्कोन जेथे मोडतो तेथेच पाहायचे असते. तेथे घाट असतो, सरहद्द असते, जुना व्यापारी मार्ग असतो किंवा कोणीतरी घेतलेला राजकीय निर्णय असतो. तुम्ही विचारलेला दोन गावांचा प्रश्न अगदी याच जातीचा आहे.

नकाशा हा पुरावा कसा होतो हे समजायला १८५४ सालच्या लंडनमधील पटकीच्या साथीचे उदाहरण बहुतेक सगळीकडे शिकवतात. जॉन स्नो या डॉक्टरांनी ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरातले मृत्यू नकाशावर मांडले आणि ते एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. ही गोष्ट सांगताना नकाशा काढला आणि उत्तर सापडले असे सुटसुटीत रूप दिले जाते, ते बरोबर नाही. पाण्यातून रोग पसरतो हे मत स्नो यांनी १८४९ मध्येच मांडले होते, आणि पंप बंद करण्यासाठी त्याचा दांडा काढला गेल्यानंतर तो नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांचे खरे कसब अपवाद तपासण्यात होते. पंपाजवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगार का वाचले? तर ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. शेजारच्या निराधारगृहात मृत्यू इतके कमी का? तर तेथे स्वतःची विहीर होती. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा का दगावली? तर तिला त्याच पंपाचे पाणी आवडे आणि ती ते मुद्दाम मागवीत असे. ठिपके दाटले आहेत एवढ्यावर न थांबता, जो ठिपका जागेवर बसत नाही त्याच्या घरापर्यंत जाणे, हे मला भूगोलाने शिकवले.

माझ्या प्रबंधात मी नेमका येथेच घसरलो होतो. ज्या प्रभागांत स्थलांतरितांचे प्रमाण जास्त, तेथे घरांची गर्दी जास्त असे आकडे मिळाले, आणि मी लिहून मोकळा झालो की स्थलांतरित कुटुंबे गर्दीत राहतात. मार्गदर्शकांनी समासात एवढेच लिहिले, 'प्रभाग की कुटुंब?' तेव्हा मला समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांचा १९५० सालचा लेख वाचायला मिळाला. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक तेथे साक्षरताही अधिक होती. व्यक्तिशः पाहिले तर परदेशी जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता जास्त होती. ते लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते, एवढाच त्याचा अर्थ. मग मी घरोघर जाऊन नव्याने प्रश्नावली भरून घेतली आणि माझा निष्कर्ष अर्धाच टिकला. उरलेली गर्दी त्या प्रभागांतल्या जुन्या, लहान खोल्यांच्या इमारतींमुळे होती आणि तेथे कोणीही राहिले असते तरी ती तशीच असती. त्या दोन महिन्यांत मी जेवढे शिकलो तेवढे त्याआधीच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो.

नवी_वाट

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी विचारतो. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या अभ्यासपत्रिकांत भौगोलिक माहिती प्रणाली (संगणकावर नकाशांचे थर मांडून अभ्यासणे) आणि दूरसंवेदन (उपग्रहांच्या प्रतिमांवरून अभ्यास) हे विषय ठळकपणे दिसतात. संगणकावर नकाशे काढता आले की भूगोल आला, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. ते खरे आहे का? आणि गणिताचा प्रश्न अजून उरलाच आहे. मला गणित जमते, परंतु ते माझे बलस्थान नाही.

थर_आणि_नकाशा

मी भूगोलाची पदवी घेऊन भौगोलिक माहिती प्रणालीतच काम करते, त्यामुळे यावर लिहिते. त्यासाठीची संगणकीय आज्ञावली शिकणे सोपे आहे. क्यूजीआयएससारखी मुक्त आणि विनामूल्य आज्ञावली कोणीही उतरवून घेऊ शकते आणि काही आठवड्यांत त्यात बऱ्यापैकी नकाशा काढू शकते. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा १९७२ पासूनच्या आहेत आणि २००८ पासून त्या सर्वांना विनामूल्य मिळतात. सेंटिनेल-२ च्या प्रतिमांत तर जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन वेगळा दिसतो. साधने आणि माहिती यांची टंचाई नाही. आपण काढले ते बरोबर आहे की नाही हे ओळखण्यासाठी मात्र भूगोल यावा लागतो.

माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वनक्षेत्राचे क्षेत्रफळ काढायचे काम माझ्याकडे आले. क्षेत्र ४५ अंश अक्षवृत्ताच्या आसपास होते. मी नकाशाचे थर जसे मिळाले तसेच, म्हणजे संकेतस्थळांवरच्या नकाशांत नेहमी वापरतात त्या वेब मर्केटर प्रक्षेपणात (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) ठेवले आणि थेट त्यावरच क्षेत्रफळ काढले. उत्तर आले ते खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. संगणकाने कोणतीही सूचना दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. अहवाल पाठवण्याच्या आदल्या दिवशी जुन्या नोंदींशी ताडून पाहिले म्हणून हे लक्षात आले. तरीही त्या रात्री माझी झोप उडाली होती.

मर्केटरने १५६९ मध्ये आपले प्रक्षेपण नाविकांसाठी केले. त्यावर सरळ रेघ ओढली की ती रेघ होकायंत्राची एकच दिशा दाखवते, आणि त्यासाठी त्याने क्षेत्रफळाचा बळी दिला. ४५ अंशांवर क्षेत्रफळ दुप्पट होते, ६० अंशांवर चौपट. म्हणूनच त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. हे मी दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात कंपास आणि त्रिकोणमितीची कोष्टके घेऊन हाताने काढले होते आणि तेव्हा कंटाळलेही होते. त्या वेळी कंटाळा न करता समजून घेतले असते तर ती चूक झाली नसती. संगणकाच्या युगात हाताने प्रक्षेपणे कशाला, असे कोणी म्हणाले तर माझे उत्तर हे आहे.

गणिताबद्दल सांगायचे तर शालेय त्रिकोणमिती, आलेखवाचन आणि भरपूर संख्याशास्त्र एवढी तयारी पदवीला पुरते. संख्याशास्त्राची मात्र भीती बाळगू नका आणि ते टाळूही नका. भूगोलतज्ज्ञ टोबलर यांनी १९७० मध्ये सांगितले की सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा अधिक असतो. ऐकायला हे साधे वाटते. परंतु संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोट्या प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असे धरून चालतात. शेजारशेजारच्या दहा विहिरींची पाणीपातळी म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. ते एकमेकांचेच ऐकून बोलतात. हे लक्षात न घेता काढलेला निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का वाटू लागतो. अभ्यासपत्रिकेत या अंगाने संख्याशास्त्र शिकवले आहे का, हे जरूर पाहा.

समोच्चरेषा

खडक_आणि_माती यांच्या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. माझ्या विद्यार्थ्याला खनिजांची ओळख भूशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकी येत नाही, आणि ज्याला खडकाच्या आत शिरायचे आहे त्याने भूशास्त्रच घ्यावे. भूगोलात वेगवेगळ्या विषयांचे तुकडे नुसते शेजारी शेजारी मांडणारे अभ्यासक्रमही आहेत, आणि तेथून बाहेर पडलेल्या मुलांच्या हाती खरोखरच फार काही लागत नाही.

पण खोली एकाच दिशेने मोजायची का, हा माझा प्रश्न आहे. भूशास्त्रज्ञ एका द्रव्यात खोल जातो, भूगोलाचा अभ्यासक एका जागेत खोल जातो. एखाद्या खोऱ्यात पूर का वाढला याचे उत्तर पावसात असेल, वरच्या उतारावरच्या तोडीत असेल, खालच्या पुलाच्या कमानींत असेल किंवा पूरमैदानात घरे बांधण्याच्या परवानगीत असेल. हे चारही दुवे एकत्र धरून त्यांतला कोणता किती भार उचलतो ते सांगणे, हेही पारंगत होणेच आहे. त्यासाठी एका जागेपाशी बराच काळ थांबावे लागते. म्हणून मी विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापासून एकच खोरे किंवा एकच वस्ती निवडायला लावते, आणि प्रत्येक विषयाचा निबंध शक्यतो त्याच जागेवर लिहायला सांगते. जोडीला एक पूरक विषय पक्का करावा. प्राकृतिक भूगोलाकडे ओढा असेल तर भूशास्त्र किंवा संख्याशास्त्र, मानवी भूगोलाकडे असेल तर अर्थशास्त्र किंवा इतिहास.

नोकरीबद्दल कोणी विचारले नाही, पण ते मनात असणारच. अध्यापन, नगररचना, सर्वेक्षण व नकाशानिर्मिती, पर्यावरणीय परिणामांचे अभ्यास, आपत्ती व्यवस्थापन, वाहतूक नियोजन आणि पूरजोखमीचे मूल्यांकन या क्षेत्रांत माझे विद्यार्थी आहेत. पदवीवर थेट हुद्दा लिहिलेला मिळत नाही, हे खरे आहे. प्रबंध आणि हातातले कौशल्य दाखवूनच पुढे जावे लागते.

नवी_वाट, प्रवेशअर्ज भरण्याआधी एक प्रयोग करा. १:५०,००० प्रमाणाचा कोणताही स्थलनिर्देशक नकाशा मिळवा. त्यावर पारदर्शक कागद ठेवून फक्त समोच्चरेषा आणि नद्या-ओढे गिरवा. वस्त्या, रस्ते, नावे काहीही घेऊ नका. मूळ नकाशा बाजूला ठेवून, वस्त्या कोठे असतील असे वाटते तेथे पेन्सिलीने ठिपके द्या, प्रत्येक ठिपक्याशेजारी कारण लिहा, आणि मग ताडून पाहा. त्यात दुपार गेली आणि तरीही उठावेसे वाटले नाही, तर मला वेगळे काही सांगायची गरज उरणार नाही.

नवी_वाट

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण प्रयोगाला एक दुपार पुरली नाही. गिरवतानाच पहिली अडचण आली. समोच्चरेषांची टोके जेथे नदीच्या उगमाकडे वळतात ती दरी आणि जेथे उताराच्या दिशेने पुढे येतात ती डोंगराची सोंड, हे पाठ होते. तरी दोनदा मी सोंडेवरून ओढा नेऊन ठेवला आणि पाणी चढावर चालले आहे हे नंतर लक्षात आले.

मी बावीस ठिपके दिले. त्यांतले तेरा प्रत्यक्ष वस्तीच्या जवळपास पडले. बहुतेक नद्यांच्या संगमाशी, उंचवट्याच्या पायथ्याशी आणि दरी अरुंद होते तेथे पुलाजवळ होते. मात्र दोन गोष्टी मला उलगडत नाहीत. डोंगराच्या पूर्व उतारावर पाच लहान वस्त्या आहेत, जवळपास एकाच समोच्चरेषेवर, मण्यांच्या माळेसारख्या. खाली नदी आहे, पण ती बरीच दूर. वस्त्यांजवळ एकही ओढा दाखवलेला नाही. पश्चिम उतारावर अशी एकही वस्ती नाही. आणि आणखी एक वस्ती अगदी एकटी, माथ्यावर, जेथे मी स्वप्नातही ठिपका दिला नसता.

खडक_आणि_माती

पूर्व उतारावरच्या पाच वस्त्यांबद्दल मी सांगतो. त्याच भागाचा भूशास्त्रीय नकाशा मिळाला तर त्यावर तुमचा पारदर्शक कागद ठेवून पाहा. माझा अंदाज असा की वर पाणी झिरपू देणारा खडक आहे, चुनखडी किंवा वालुकाश्म, आणि त्याच्या खाली पाणी अडवणारा, चिकणमातीसारखा थर आहे. पावसाचे पाणी वरच्या खडकातून उतरते, खालच्या थरावर अडते आणि दोन्ही थर जेथे उघडे पडतात तेथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. झरे एकाच उंचीवर रांगेने लागतात, म्हणून वस्त्याही रांगेने. थर पूर्वेकडे कललेले असले तर पश्चिमेला झरे का नाहीत तेही उलगडेल, कारण पाणी कलाच्या दिशेने जाते. खात्री मात्र नकाशा पाहूनच करा.

तुम्ही पाचही वस्त्या एका उंचीवर असल्याचे स्वतः हेरले, हे मला आवडले. आमच्याकडचा विद्यार्थी थर आधी पाहतो आणि वस्त्या त्याच्या नजरेतून सुटतात.

वस्तीचा_माग

माथ्यावरच्या वस्तीसाठी खडक कदाचित उपयोगी पडणार नाहीत. त्याच भागाच्या नकाशाची जितकी जुनी आवृत्ती मिळेल तितकी पाहा. माथ्यावरून जाणारी एखादी पायवाट किंवा जुना मार्ग त्यात दिसतो का, आणि तो त्या वस्तीपाशी दुसऱ्या एखाद्या मार्गाला मिळतो का, ते तपासा. रस्ता खाली दरीत गेल्यावर मागे राहिलेल्या वस्त्या अशा एकट्या दिसतात. मार्ग सापडला नाही तर वस्तीचे नाव पाहा. पहारा, टेहळणी, चौकी असा काही अर्थ त्यात दडला आहे का ते कळेल.

नवी_वाट

भूशास्त्रीय नकाशा ग्रंथालयात मिळाला. पूर्व उतारावर वर वालुकाश्म आहे, खाली शेलचा, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचा थर आहे, आणि पाचपैकी चार वस्त्या त्या दोहोंच्या सीमेपासून बोटभर अंतराच्या आतच आहेत. थर पूर्वेकडेच कललेले आहेत. पाचवी थोडी खाली आहे. तिचे कारण अजून शोधतो आहे. माथ्यावरच्या वस्तीसाठी जुनी आवृत्ती मागवली आहे, ती यायला आठवडा लागेल असे ग्रंथपाल म्हणाले. प्रवेशअर्ज काल भरला, मुख्य विषय भूगोल आणि पूरक विषय भूशास्त्र. जुना नकाशा आला की येथेच लिहितो.